नारळाच्या सावलीतील जमीन

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात जळोची येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात गुणवंत मुलामुलींचे सत्कार होतात, उपवर वधूवरांची माहिती वाचून दाखविली जाते आणि जमाखर्च मंजूर होतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या शेतीवर आपल्या समाजाचे नाव उभे आहे, तिच्याविषयी या व्यासपीठावरून फारसे बोलले जात नाही. यंदा कार्यकारी मंडळाने ती संधी दिली याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आम्ही शेतीशास्त्राचे पदवीधर नव्हे. आयुष्य मुलांना अंकगणित शिकविण्यात गेले आणि घरची थोडी जमीन कसण्यात गेले. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यात पांडित्य कमी आणि हिशेब अधिक असेल.

विषय लहानसा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या विहिरीच्या कडेला, पाटाच्या बाजूला, घरामागे नारळाची झाडे आहेत. कोणाची दहावीस, कोणाची पन्नाससाठ, तर शहाळ्यांना गिऱ्हाईक आहे हे पाहून कोणी अलीकडे एकरभर बागही लाविली आहे. या झाडांखालची जमीन बहुतेक ठिकाणी मोकळी पडलेली असते. तेथे गवत माजते, झावळ्या कुजतात, क्वचित म्हैस बांधलेली असते. त्या जमिनीत हळद, आले, सुरण यांसारखी जमिनीखाली पोसणारी आणि मसाल्याची पिके घेता येतील काय, आणि आली तर ती कोणी घ्यावीत व कोणी घेऊ नयेत, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज काढावयाचे कारण जमिनीचे तुकडे हे होय. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. त्या गावात १७७१ साली सरासरी खातेदाराकडे सुमारे ४० एकर जमीन होती. १९१४-१५ साली ती सुमारे ७ एकरांवर आली होती. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे आणि तेथे नांगराऐवजी उद्वाहने चालतात. आपली जळोचीही आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आली आहे. आजोबांच्या वेळचे शेत वडिलांच्या वेळी निम्मे झाले, आपल्या वेळी त्याचे गुंठे झाले. ज्याच्याकडे वीसतीस गुंठे उरले आहेत, त्याला उसाचा हिशेब परवडत नाही, कारण एवढ्याशा उसाच्या तोडीसाठी टोळीच्या मुकादमाच्या दारी हेलपाटे घालावे लागतात. मग एके दिवशी प्लॉट पाडणारा दलाल ओसरीवर येऊन बसतो. त्याच्याशी बोलताना 'या जमिनीचे उत्पन्न काय?' या प्रश्नाला घरधन्याकडे उत्तर नसते, आणि व्यवहार तेथेच अर्धा होऊन जातो. विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. मुलीचे लग्न, आजारपण, मुलाचे शिक्षण ही कारणे खरी असतात. परंतु उत्तर नसल्यामुळे विकणे आणि विचार करून विकणे यांत अंतर आहे.

आपला समाज मूळचा बागाईत करणारा. संत सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात जी भक्ती केली, ती मळा न सोडता केली. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात पाणी अडविण्यापासून खतमातीपर्यंतचा विचार आहे. तो नुसत्या तक्रारींचा ग्रंथ नव्हे, हे तो न वाचता त्याचे नाव घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात ज्याच्या कामास हात लागला त्या नीरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी आले, आणि सासवडकडील माळी मंडळी त्या पाण्यामागोमाग या भागात उतरली. पुढे तीच मंडळी गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांवर गेली, आणि अखेर अकलूजजवळ माळीनगर वसवून त्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला. उसाने आपल्याला पुष्कळ दिले. पण उसाने एक सवयही लाविली, ती म्हणजे एका शेतात एकच पीक. त्याआधी तशी रीत नव्हती. जुन्या पानमळ्याची आठवण ज्यांना असेल त्यांनी तो डोळ्यांसमोर आणावा. शेवरी, हादगा, पांगारा यांची दाट ओळ, तिच्या आधाराने चढलेला वेल, आणि वेलाच्या पायाशी गारवा. वरची झाडे फळासाठी नव्हेत, सावलीसाठी आणि आधारासाठी लाविलेली. एकाच्या सावलीत दुसऱ्याला वाढविण्याची विद्या आपल्या घरात होती.

ही विद्या पूर्णत्वाला गेली ती सह्याद्रीच्या पलीकडे. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या पट्टीला अष्टागर म्हणतात. नागाव, आक्षी, चौल ही त्यांतली गावे. तेथे शेताला शेत न म्हणता वाडी म्हणतात. वाडीत सर्वांत वर नारळ, त्याखाली पोफळी, पोफळीच्या लहानपणी तिला ऊन लागू नये म्हणून केळ, आणि त्याहीखाली हळद, अळू, सुरण. पूर्वी विहिरीवर रहाट असे. त्याच्या गाडग्यांतून पडलेले पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून प्रत्येक आळ्यात फिरे. वाडी अर्ध्या एकराची असली तरी घर तिच्यावर चाले. गोव्यात फोंडा, सत्तरी, सांगे या भागांत हीच रीत कुळागर या नावाने आहे. तेथे डोंगरउतारावरील झऱ्याच्या पाण्यावर पोफळी उभ्या असतात, त्यांच्या अंगावर मिरवेल चढविलेले असतात, आणि बुडाशी आले, हळद, अननस असतो. खाली उभे राहिले तर आकाश तुकड्यातुकड्याने दिसते.

शास्त्रज्ञांनी या जुन्या रीतीला मोजमाप दिले. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ साली नारळ संशोधन केंद्र सुरू झाले. १९७२ साली दापोलीस कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्याकडे आले. या विद्यापीठाने नारळाच्या बागेत मसाल्याच्या झाडांची जी मांडणी बसविली तिला 'लाखी बाग' असे नाव पडले. चार नारळांच्या मध्यभागी जायफळ, दोन नारळांच्या मध्ये दालचिनी, आणि नारळाच्या खोडावर मिरी, असा तो आराखडा आहे. दक्षिणेत केरळातील कासरगोड येथे १९१६ पासून नारळावर संशोधन चालले आहे. तेथील अभ्यासाचा एक निष्कर्ष आम्हांस फार उपयोगी वाटला. तो असा की, मोठ्या नारळाची अन्न शोधणारी मुळे बहुतांशी खोडाभोवतीच्या दोन मीटरांच्या, म्हणजे साडेसहा फुटांच्या वर्तुळात असतात.

आता येथे थोडे अंकगणित करू. मुलांनी वहीत लिहून घेतले तरी चालेल. नारळ साडेसात मीटरांवर, म्हणजे साधारण पंचवीस फुटांवर लाविला तर एका झाडाच्या वाट्याला सव्वाछप्पन्न चौरस मीटर जमीन येते आणि एकरात ७२ झाडे बसतात. दोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस मीटर. त्यास ७२ ने गुणले की सुमारे ९०० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ ९ गुंठे. एकर चाळीस गुंठ्यांचा. याचा अर्थ नारळाची बाग आपण एक एकर म्हणून सांगतो, पाणी एकराला देतो, कुंपण एकराला घालतो, आणि मुळांच्या कामी येतात ते ९ गुंठे.

उरलेले एकतीस गुंठे सर्वच पिकाखाली येतील असे मात्र कोणी समजू नये. झाडांमधल्या चौकोनांत वाफे काढणे गैरसोयीचे असते. दोन ओळींच्या मधली सलग पट्टी तेवढी धरावी. ओळींतील अंतर साडेसात मीटर, त्यातून दोन्ही बाजूंचे दोन दोन मीटर सोडले तर साडेतीन मीटर रुंदीची पट्टी उरते. साऱ्या पट्ट्या मिळून एकरात सुमारे अठरा गुंठे होतात. पुढील सर्व बोलणे या अठरा गुंठ्यांचे आहे. नारळाचे दोन मीटर हे देवळाच्या गाभाऱ्याप्रमाणे समजावेत. तेथे कुदळ नेऊ नये. हळद काढताना खणती होते. ती खोडाजवळ गेली की मुळे तुटतात, आणि हळदीच्या चार पोत्यांसाठी नारळाची फळे गळतात.

झाडाचे वयही पाहिले पाहिजे. पहिली सातआठ वर्षे नारळ लहान असतो, ऊन भरपूर मिळते, तेव्हा कोणतेही पीक येते. त्यानंतर पंचविशीपर्यंत झावळ्यांचा घेर दाट असतो आणि खाली फार थोडे ऊन पोहोचते. या काळात आंतरपिकाचा आग्रह धरू नये. धरावयाचाच असेल तर सुरण, अळू यांपलीकडे जाऊ नये. पंचवीस वर्षांनंतर खोड उंच होते, तिरपे ऊन खाली येऊ लागते आणि जमीन पुन्हा पिकाजोगी होते. आपल्याकडील पुष्कळ झाडे वडिलांनी लाविलेली, म्हणजे या तिसऱ्या अवस्थेतील आहेत. पंधरा पंधरा फुटांवर दाटीने लाविलेल्या झाडांची गोष्ट निराळी. तेथे आतल्या भागात काहीच साधत नाही. कडेला जेवढे जमेल तेवढे करावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण येथेच आपल्या लोकांची फसगत होण्याचा संभव आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे जेमतेम पाचशे. तेथे हवा बारा महिने ओलसर, येथे फाल्गुनापासून मृगापर्यंत पश्चिमेचा कोरडा वारा कातडी सोलून काढतो. जायफळ, लवंग, मिरी ही त्या ओलाव्याची लेकरे आहेत. लाखी बागेचे चित्र पाहून येथे जायफळाची शंभर रोपे आणणे म्हणजे समुद्रातला मासा विहिरीत सोडण्यासारखे आहे. शिवाय जायफळात नर आणि मादी झाडे निरनिराळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत पुढे किती नर निघतील हे फुले येईपर्यंत कळत नाही. म्हणून मादी झाडाची कलमे घ्यावयाची आणि परागासाठी थोडे नर ठेवावयाचे, अशी रीत आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना एका रोपवाटिकेने कलमे म्हणून बियांची रोपे दिली. सात वर्षे पाणी घातल्यावर बहुतेक झाडे नर निघाली. ते तर कोकणातच राहणारे! येथे कोणी रोपे विकावयास आला आणि 'पाच वर्षांत लक्षाधीश' म्हणू लागला तर त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा. हौसेखातर न्हाणीच्या पाण्यावर, भिंतीच्या आडोशाला मिरीचे दोन वेल लाविले तर त्यास आमची हरकत नाही. घरच्या मिरीचा काढा निराळाच लागतो. परंतु तो धंदा नव्हे.

तेव्हा कोकणचे तत्त्व घ्यावे आणि पिके आपल्या हवेची निवडावीत. ती पिके परकी नाहीत. हळद सांगली जिल्ह्याचे वैभव आहे, आले सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे होते. उन्हाळ्यात लावणी झाल्यावर कोवळ्या कोंबांना ऊन लागू नये म्हणून पठारावरचा शेतकरी या पिकांत मुद्दाम एरंड लावीत आला आहे. म्हणजे ज्या पिकाला सावली द्यावी म्हणून तो एरंड लावतो, त्यासाठी आपल्याकडे नारळ आयता उभा आहे.

हळदीचे पाहू. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावणी, आणि साधारण नऊ महिन्यांनी, माघ-फाल्गुनात, पाला वाळल्यावर काढणी. बेणे एकरी दहा क्विंटल लागते, म्हणून अठरा गुंठ्यांना साडेचार क्विंटल. साडेतीन मीटरांच्या पट्टीत चार चार फुटांचे दोन गादीवाफे आणि मध्ये चालावयास वाट अशी मांडणी बसते. गादीवाफाच करावा. सपाट वाफ्यात पाणी साचते आणि कंदकूज येते. एकदा ती आली की औषधाचा खर्च पिकाच्या वर जातो. आपल्या काळ्या जमिनीत हा धोका मोठा आहे. कालव्याच्या पाण्याने चोपण झालेल्या जमिनीत तर हळदीचे नावच काढू नये. लावणीपूर्वी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा मिसळलेले शेणखत घालावे, बेणे निरोगी शेतातलेच घ्यावे, आणि वाफ्यावर नारळाच्या झावळ्यांचे आच्छादन करावे. आजवर आपण त्या झावळ्या जाळीत आलो. ठिबकच्या नळ्या नारळाला वेगळ्या आणि वाफ्यांना वेगळ्या असाव्यात, कारण दोघांची तहान एका वेळेची नसते.

उत्पन्नाच्या बाबतीत आम्ही हात आखडूनच सांगू. चांगल्या निगेत हळदीचे ओले कंद एकरी शंभर क्विंटलपर्यंत येतात. अठरा गुंठ्यांना त्या मानाने पंचेचाळीस झाले. सावलीची आणि आपल्या नवखेपणाची तूट धरून तीसच समजावेत. त्यांतील साडेचार पुढील बेण्याला ठेवावेत. उरलेल्या साडेपंचवीस क्विंटलांची शिजवून, वाळवून साधारण पाचव्या हिश्शाइतकी, म्हणजे पाच क्विंटल सुकी हळद होते. या पाच क्विंटलांना त्या वर्षीचा सांगलीचा भाव लावावा आणि आपल्या घरात तेवढी रक्कम कोठे कमी पडते ते पाहावे. भाव खालीवर होतो, तो आज सांगण्यात अर्थ नाही. हळद शिजविण्यासाठी वाफेचे कुकर भाड्याने मिळतात. ज्यांच्याकडे बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहील अजून गोठ्यामागे पालथी आहे, त्यांनी ती घासून काढावी. सांगलीकडे पिढ्यान्‌पिढ्या काहिलीतच हळद शिजली आहे.

येथे एक आडगोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा कुलस्वामी जेजुरीचा खंडोबा. सोमवतीला गडावर जी हळद उधळली जाते तिने पायऱ्या पिवळ्या होतात. त्या भंडाऱ्यात खरी हळद किती आणि रंगवलेली पूड किती याविषयी भाविकांत कुरबूर असते. जेजुरी येथून फार दूर नाही. कुलस्वामीच्या पायाशी आपल्या मळ्यातली, आपल्या घरी दळलेली हळद नेणारी दहा घरे जरी निघाली, तरी इतरांनाही ती घ्यावीशी वाटेल. खऱ्या हळदीचा भंडारा म्हणून तिला गिऱ्हाईक मिळेल असा आमचा अंदाज आहे. श्रद्धेचा व्यापार करा असे आम्ही म्हणत नाही. भेसळीचा व्यापार चालू आहे, एवढेच म्हणतो.

आल्याविषयी आम्ही थोडे साशंक आहोत. भाव चढला की आले सोने देते, आणि दुसऱ्या वर्षी तेच आले काढणीची मजुरीही देत नाही. रोगालाही ते हळदीहून हळवे आहे. अठरा गुंठ्यांत दोनतीन गुंठ्यांहून अधिक आले करू नये. आणि हे ध्यानात ठेवावे की आले, हळद, आंबेहळद ही सारी एकाच कुळातली. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. आल्याच्या वाफ्यात पुढच्या वर्षी हळद घालणे म्हणजे भावाचा आजार भावाला देणे. मध्ये सुरण घालावा, तो अळूच्या कुळातला.

सुरणाची आपल्याकडे उगीच उपेक्षा झाली. घशाला खाजतो म्हणून बायका तो घरात घेत नाहीत. खाज त्यातील सूक्ष्म स्फटिकांची असते आणि ती चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्याने जाते, हे कोकणातली कोणतीही आजी सांगेल. 'गजेंद्र' ही सुधारित जात तर फारशी खाजतच नाही. अर्धा किलोचा फोड एक एक मीटरवर लावावयाचा, खाली घमेलेभर शेणखत, वरून झावळ्या. आठनऊ महिन्यांत पाने पिवळी पडून खोड आडवे झाले की काढावयाचा. दोन गुंठ्यांत दोनशे फोड बसतात, त्यांना एक क्विंटल बेणे लागते. सुरण काढल्यावर लगेच विकण्याची घाई नसते, तो सावलीत महिना महिना टिकतो. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हा गुण फार मोठा आहे. टोमॅटोवाल्याला रात्रीत बाजार गाठावा लागतो, सुरणवाला भाव पाहून गाडी भरतो. सावलीला सर्वांत सोशिकही हाच. ज्यांच्या मनात धाकधूक आहे त्यांनी पहिल्या वर्षी सुरणापासून आरंभ करावा.

रताळे मात्र सावलीत लावू नये, नुसता वेल माजतो. कोकणात कणगर, घोरकंद हे आणखी कंद वाडीत असतात. चवीला उत्तम, पण येथे त्यांना गिऱ्हाईक नाही.

एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकला आहे, तो असा की आंतरपिकाने नारळ खराब होतो. आक्षेप निराधार नाही. एका ताटात दोघांना बसविले तर वाढावयासही दोघांचे हवे. मोठ्या नारळाला वर्षाला पन्नास किलो शेणखत आणि त्याची वेगळी खते, विशेषतः पालाश, द्यावीच लागतात. हळदीचे खत हळदीला वेगळे. ज्याने हळदीला घातले आणि नारळाला त्याचा वाटा मिळाला असे धरले, त्याचा नारळ दोन वर्षांत बोलू लागतो. उलट जेथे दोघांनाही पोटभर मिळाले, तण काढले गेले, आच्छादन पडले, तेथे नारळाचे उत्पन्न घटत नाही, वाढते, असा दक्षिणेतील संशोधनकेंद्रांचा अनुभव आहे. आणि त्याचे कारणही साधे आहे. एरवी ज्या बागेत धनी महिन्यातून एकदा नारळ मोजावयास जातो, तिच्यात आता तो रोज फिरतो. गेंड्या भुंग्याने पाडलेली भोके, सोंड्याने पोखरलेल्या खोडातून झिरपणारा रस, हे वेळेवर दिसते.

मजुरीचा प्रश्न खरा आहे. हळदीची लावणी, भरणी, काढणी, मोडणी ही सर्व हाताची कामे. घरातील माणसे शेतात उतरणार नसतील आणि सर्व काम रोजाने करून घ्यावयाचे असेल, तर अठरा गुंठ्यांतून शिल्लक राहणार नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. ज्या घरातील मुलगा औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळी भ्रमणध्वनीत डोके घालून बसतो, त्या घरासाठी हे पीक आहे. ज्या घरात सूनबाई शिकलेली असून नोकरी मिळाली नाही, त्या घरासाठी आहे. मात्र एक अट. हळदीचे काम बायकांनी करावयाचे आणि पट्टी पुरुषांच्या नावाने फाडावयाची, ही जुनी चाल येथे आणू नये. सावलीतल्या पिकाचा हिशेब घरातील स्त्रीच्या वहीत आणि पैसा तिच्या खात्यात असावा. सभागृहाच्या उजव्या बाजूने टाळ्या आल्या, डावीकडून आल्या नाहीत, हे आम्ही पाहिले आहे.

आता शेवटचा, व्यवहाराचा भाग. आपला समाज दरवर्षी सत्कारांवर काही रक्कम खर्च करतो. शाल आणि श्रीफळ. ते श्रीफळही आपण बाजारातून विकत आणतो, ही गंमत असो. आमची सूचना अशी आहे की, दोन वर्षे शाली बंद ठेवाव्यात आणि त्या रकमेतून हळदीचे व सुरणाचे निरोगी बेणे घेऊन समाजाची बेणेपेढी सुरू करावी. ज्याच्याकडे पंचवीस फुटांवरील नारळ आहेत आणि जमीन पाच एकरांच्या आत आहे, अशाच घराला बेणे द्यावे. त्याने काढणीनंतर जितके नेले तितकेच परत करावे, वर काही नाही. पूर्वी सावकार दाण्याला दिढी घेत असे, ती आपल्याला नको. परत आलेले बेणे पुढच्या वर्षी दुसऱ्या घरांना जाईल. रोग लागून पीक गेलेल्याकडे मागणी करू नये, पण त्याच्या शेतातील एकही कंद पेढीत घेऊ नये. माती आणि पाणी तपासून घेण्यासाठी बारामतीचे कृषि विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. तपासणीचा कागद आणल्याशिवाय बेणे मिळणार नाही, असा नियम केलेला बरा.

पहिल्या वर्षी दहाबारा घरे पुरेत. कोणी किती गुंठे धरले, बेणे किती गेले, ओले किती निघाले, सुके किती झाले, नारळ किती उतरले, मजुरी किती पडली आणि घरचे हात किती दिवस लागले, एवढ्या नोंदी प्रत्येक घराने ठेवाव्यात. वह्या आम्ही आखून देऊ. पुढील स्मरणिकेत त्या नोंदी जशाच्या तशा छापाव्यात, तोटा आला असेल तर तोही. ज्यांची इच्छा असेल त्यांनी झाडांची संख्या, दोन ओळींतील अंतर आणि झाडांचे वय एका कागदावर लिहून होळीपूर्वी चिटणीसांकडे द्यावे. अंतर पावलांनी मोजू नये, टेपने मोजावे.